कोल्हापूरच्या मेस्त्रींचा गोतावळा

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आपण ते नाव सहज घेतो आणि पुढे जातो. पण एखादे गाव कलापूर होते म्हणजे नेमके काय होते? चांगला सुतार, चांगला लोहार, चार गोड गळे आणि चित्रावर हात बसलेला एखादा पोरगा महाराष्ट्रातल्या कुठल्याही पेठेत सापडेल. बहुतेक ठिकाणी ही माणसे आपापल्या गल्लीत जन्म काढतात. कोल्हापुरात ती एका छपराखाली आली आणि मराठी चित्रपटाचा पाया घातला गेला. ज्या माणसाने त्यांना एकत्र आणले, त्याचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम, चित्रकला अशा अनेक गोष्टींत पारंगत होते. शाळेत फारसे न रमलेल्या या मुलाचे शिक्षण घरातल्या हत्यारांवरच झाले. चुलतभाऊ आनंदराव त्याच्या जोडीला होते. रंगाचा कुंचला आणि लेथ यांत उच्चनीच मानायचे नाही, हा संस्कार दोघांना घरातच मिळाला. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ इथे आहे, असे मला वाटते.

त्या वेळचे कोल्हापूर मोठे गजबजलेले होते. गादीवर शाहू छत्रपती होते. दरबारी अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे होते, आबालाल रहिमान यांची चित्रकला होती. कुस्तीचे आखाडे घुमत होते. पॅलेस थिएटर उभे राहत होते. पण याच गावाला वेदोक्त प्रकरणाने ढवळून काढले होते, हेही विसरून चालणार नाही. कोण कोणाच्या पंक्तीला बसेल आणि कोण कोणाच्या उंबऱ्यावर थांबेल, याचे हिशेब घरोघर चालत. अशा गावात निरनिराळ्या आळ्यांतली माणसे एका कामाला जुंपणे सोपे नव्हते.

ती पहिली संधी रंगभूमीने दिली. संगीत नाटकांचा तो भर होता. बाबूरावांच्याच वयाचे केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी नावारूपाला आली होती. आनंदराव आणि बाबूराव अशा मंडळींचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता असे ते पडदे उघडताच प्रेक्षक टाळ्या वाजवत. मेस्त्री बंधूंचे नाव झाले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसले. या कामात नट, गवई, शिंपी, सुतार, दिवाबत्तीवाले अशा सगळ्यांशी त्यांची ऊठबस झाली. पुढे जो गोतावळा जमला, त्याची वीण या पडद्यांमागे सुरू झाली होती.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी आधी चित्रपट दाखवण्याचा धंदा करून पाहिला. पण दुसऱ्याचे दाखवण्यात समाधान कुठले? स्वतः काढायचा तर कॅमेरा हवा आणि विलायती कॅमेऱ्याचे पैसे कोणी द्यायचे? तेव्हा कॅमेरा आपणच घडवायचा, असे या कारागिरांच्या पोरांनी ठरवले. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. तरी त्यांनी हातातले काम सोडले नाही. यंत्राचे डोके असलेले विष्णुपंत दामले त्यांच्या जोडीला होते. त्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. कोल्हापुरात घडवलेल्या त्या यंत्राने पुढे अख्खे चित्रपट टिपले.

आता प्रश्न भांडवलाचा आला. माझी उभी हयात बँकेच्या खुर्चीत गेली. कर्जाचे अर्ज वाचता वाचता डोक्याचे केस पांढरे झाले. त्यामुळे चरित्र कोणाचेही असो, माझी नजर आधी पैसा कोठून आला यावर जाते. बाबूरावांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर काय झाले असते, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. तारण काही नाही. धंद्याचा अनुभव नाही. यंत्र घरी बनवलेले. माल म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या सावल्या. नियमाप्रमाणे तो अर्ज कोणत्याही शाखेतून परतच गेला असता. तो परत पाठवला नाही एका गायिकेने. तानीबाई कागलकर यांनी आपला पैसा बाबूरावांच्या हाती ठेवला. समाज ज्या कलावंतिणींचे गाणे ऐकत असे आणि ज्यांना घरात मात्र बोलावत नसे, त्यांच्यातल्या एका बाईने महाराष्ट्र फिल्म कंपनीला उभे केले. तिने तारण पाहिले ते माणसाच्या हाताचे. गावातल्या गावात एकमेकांची पारख असली की असे कर्ज मिळते. ती पारख कोणत्याही छापील फॉर्मात मावत नाही.

कंपनीत जमलेली माणसे पाहावीत. दामले होते, त्यांचे जिवाभावाचे मित्र चित्रकार शेख फत्तेलाल होते. बाबूराव पेंढारकर कारभार पाहत. त्यांच्या ओळखीने शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण पडेल ते काम करायला आला. तोच पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजला. पडद्यावर चितारलेल्या देखाव्यांऐवजी बाबूरावांनी भरीव देखावे उभारायला घेतले. त्यामुळे सुतारांना आणि रंगाऱ्यांना पडद्यामागची मजुरी सुटून कलेत वाटा मिळाला. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची आणि पोशाखांची रेखाटने करीत. प्रत्येक कारागिराला आपले काम कोठे बसणार हे आधी दिसत असे. जाहिरातींची चित्रेही याच घरातून निघत.

पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हा बाबूरावांचा आग्रह होता. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्या काळी हे धाडस होते आणि त्याची किंमत मुख्यतः त्या दोघींनीच मोजली. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

त्यानंतर १९२३ साली ‘सिंहगड’ आला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवून जमीन गमावणारा आणि शेवटी गिरणीच्या दाराशी येणारा शेतकरी त्यात आहे. ती भूमिका शांतारामांनी केली. देवादिकांच्या कथांच्या त्या दिवसांत कर्जाच्या वहीवर चित्रपट काढावासा वाटला, याचे मला कौतुक वाटते. ज्याचा स्वतःचा संसार उसनवारीवर उभा होता, त्यालाच ते सुचावे.

इथवर गोष्ट चढणीची आहे. पण चरित्र सांगायचे तर उतारही सांगितला पाहिजे. बाबूरावांना घाई मानवत नसे. मनासारखे दृश्य मिळेपर्यंत ते थांबत आणि त्यांच्याबरोबर सारी कंपनी थांबे. शिकून तयार झालेल्या शिष्यांना आपले काही करायचे होते. कुरबुरी वाढल्या. अखेर १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कोल्हापूरच्याच सीताराम कुलकर्णी या सराफांना सोबत घेऊन प्रभात फिल्म कंपनी काढली. दोन वर्षांत बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली आणि तिचा डंका देशभर वाजला.

बाबूराव कोल्हापुरातच राहिले. ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले, पण मन पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसे जोडणे ही एक विद्या आहे आणि जोडलेली माणसे टिकवणे ही दुसरी. पहिली बाबूरावांना जन्मजात होती. दुसरीसाठी लागतो तो हिशेब. कोणाचा वाटा किती, कोणाचे नाव कोठे, शिष्य मोठा झाला की त्याला कोणती जागा द्यायची, या गोष्टी वेळच्या वेळी ठरवाव्या लागतात. त्या ठरल्या असत्या तर प्रभातचा जन्म वेगळ्या छपराखाली झाला नसता, असे माझ्यातल्या बँकवाल्याला वाटत राहते. माझ्यातल्या लेखकाला मात्र प्रभात हे बाबूरावांचेच नातवंड वाटते. घर फुटले, पण वंश वाढला.

हे सारे मी छावणीत बसून लिहितो आहे. आमच्या या शहरात हिमरू विणणारी घरे मोजकीच उरली आहेत. पैठणीचे माग तासाभराच्या अंतरावर आहेत. नाटकवेडी मुले आहेत, गणेशमूर्ती घडवणारे आहेत, बँडवाले, मांडववाले, भजनी मंडळे, कव्वालीचे गट आहेत. यांच्यापैकी किती जण एकमेकांना नावाने ओळखतात? नाटकाच्या मुलांना पोशाख हवे असतात तेव्हा ती भाड्याच्या दुकानात जातात. दोन गल्ल्या पलीकडच्या विणकराचे दार कोणी ठोठावत नाही. सरकारी योजना येतात, मेळावे भरतात, हारतुरे होतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या गल्लीत परततो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहूकालीन पॅलेस थिएटर, आगीत भस्मसात झाले तेव्हा कोल्हापूरची माणसे आपले घर जळाल्यासारखी रस्त्यावर उभी राहून रडली. शंभर वर्षांपूर्वी पडदे रंगवणाऱ्या, गाणाऱ्या आणि खिळे ठोकणाऱ्या माणसांनी ती वास्तू गावाची करून ठेवली होती. आपल्या गावात उद्या असे काही जळाले, तर रडायला किती जण येतील? दारे ठोठावायला आजपासूनच सुरुवात केली, तर त्यांची संख्या वाढेल.