टाचण्यांचे बारसे करणारा डॉक्टर

पावसाळा सरत आला की ओढ्याकाठच्या गवतावर सुईसारख्या बारीक अंगाचा एक कीटक हमखास दिसतो. मराठीत त्याला टाचणी म्हणतात. चतुर पंख पसरून बसतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. एका जातीची टाचणी दुसरीहून वेगळी कशी ओळखावी, हे भारतातील टाचण्यांबाबत सविस्तर मांडले ते फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी.

१८८० साली इंग्लंडमध्ये जन्मलेले फ्रेझर पेशाने डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी निलगिरी, कूर्ग आणि मलबारचे ओढे पालथे घातले. पंखांवरील शिरांची जाळी, पंखाच्या टोकाजवळचा छोटा ठिपका आणि नराच्या शेपटीच्या टोकाची रचना या खुणांवरून त्यांनी जाती वेगळ्या केल्या. १९२२ साली त्यांनी वर्णन केलेल्या एका टाचणीच्या पंखावरील ठिपका रक्तासारखा लाल होता. ‘प्रोटोस्टिक्टा सँग्विनोस्टिग्मा’ हे तिचे नाव त्या ठिपक्यावरूनच पडले.

या अभ्यासाशी मुंबईचे नाते जवळचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ पासून त्यांची भारतीय चतुरांवरील लेखमाला प्रसिद्ध होत गेली. पुढे १९३३, १९३४ आणि १९३६ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्यांचे तीन खंड निघाले. चतुर आणि टाचण्यांच्या अभ्यासकाला आजही या खंडांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

या कार्याला एक दुखरी बाजूही आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे जात सिद्ध करायची तर कीटक पकडून, मारून जपावा लागे. फ्रेझर यांच्या संग्रहातील असे असंख्य नमुने लंडनच्या संग्रहालयात गेले. सह्याद्रीतील टाचणीचा मूळ पुरावा पाहण्यासाठी भारतीय अभ्यासकाला सातासमुद्रापार जावे लागते, ते यामुळेच.

निवृत्तीनंतर इंग्लंडमध्येही त्यांचे काम थांबले नाही. वयाच्या ७७ व्या वर्षी, १९५७ साली, त्यांनी या संपूर्ण गणाचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

लाल ठिपक्याची ती टाचणी आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत असुरक्षित जातींमध्ये गणली जाते. अशा टाचण्यांना दाट सावलीतला वाहता ओढा लागतो. त्यांची पिल्ले पाण्यातच वाढतात. झाडे तुटली, पाणी आटले की टाचणीही संपते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१९ साली ‘सेरिएग्रिऑन क्रोमोथोरॅक्स’ ही नवी टाचणी नोंदली गेली, म्हणजे फ्रेझर यांच्या यादीत अजून भर पडतेच आहे. ज्या जीवाला नाव नाही, त्याचे नाहीसे होणे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. फ्रेझर यांनी शेकडो पानांत केलेल्या या नोंदींचे मोल म्हणूनच मोठे आहे.