पाच नंबरचं दार

८०८६ चं पहिलं प्रॅक्टिकल सगळ्यांचं सारखंच असतं. स्क्रीनवर आपलं नाव छापा. मग आपण एएच रजिस्टरमध्ये ०९ भरतो, डीएक्समध्ये नावाचा पत्ता देतो आणि आयएनटी २१एच लिहून मोकळे होतो. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यायचं राहिलं की स्क्रीनवर मेमरीतला सगळा कचरा उमटतो आणि अख्खी बॅच हसते. कॉम फाईल करायची असेल तर वर ओआरजी १००एच लिहावंच लागतं. ९ च का, डॉलरच का, १०० च का, हे जर्नलमध्ये कुठेच नसतं. पाठ करायचं आणि पुढे जायचं.

आपण धरून चालतो की हे मायक्रोसॉफ्टने ठरवलं असणार, कारण डॉस त्यांचं. पण या तिन्ही गोष्टी त्यांच्या नाहीत. त्या गॅरी किल्डॉल नावाच्या एका प्राध्यापकाच्या आहेत, आणि ८०८६ ची चिप बाजारात येण्याआधीच त्याने त्या ठरवून ठेवल्या होत्या. इंटरनेटवर त्याचं नाव शोधलं तर एकच गोष्ट सगळीकडे सापडते: आयबीएमवाले दारात आले तेव्हा विमान उडवायला गेलेला माणूस. मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते. म्हणून हा लेख.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. घर दर्यावर्दी लोकांचं. त्यांची जहाजं चालवायला शिकवणारी स्वतःची शाळा होती आणि गॅरीही तिथे शिकवायचा. पुढे गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे त्याला कॉम्प्युटरने धरलं ते कायमचंच. काळ व्हिएतनाम युद्धाचा होता, सैन्यातली सेवा चुकणारी नव्हती. त्याने नौदलाची वाट धरली आणि कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या उच्च शिक्षण संस्थेत त्याला शिकवण्याचं काम मिळालं. १९७२ मध्ये पीएच.डी. झाली. कंपायलर हा विषय घेतलेल्यांनी डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसच्या धड्यात किल्डॉल हे नाव वाचलं असेल. तो हाच. त्याचा १९७३ चा तो पेपर अजूनही शिकवला जातो. म्हणजे नशिबाने डॉसच्या आसपास घुटमळलेला कोणी हौशी माणूस हा नव्हता.

त्याच सुमाराला इंटेलने ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर विकायला काढला होता. इंटेलच्या दृष्टीने तो ट्रॅफिक सिग्नल आणि तत्सम यंत्रांत बसवायचा एक भाग होता. गॅरीला त्यात कॉम्प्युटर दिसला. तो इंटेलसाठी बाहेरून काम करू लागला, ८०८० या चिपची नक्कल करणारा सिम्युलेटर लिहिला, पीएल/एम नावाची भाषा बनवली. सगळं छान, पण प्रोग्रॅम साठवायचा कुठे? कागदी पट्टीवर भोकं पाडून? शुगार्ट कंपनीचा एक फ्लॉपी ड्राइव्ह त्याला मिळाला, पण तो चिपला जोडणारं सर्किट काही त्याच्याने जमेना. ड्राइव्ह बरेच दिवस नुसता पडून राहिला. (सॉफ्टवेअरवाल्याला सोल्डरिंग गन दिली की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.) शेवटी विद्यापीठातला जुना मित्र जॉन टोरोडे याने सर्किट बनवून दिलं आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात गॅरीची सिस्टीम फ्लॉपीवरून चालली. नाव सीपी/एम. त्याने ती इंटेलला देऊ केली. इंटेलने पीएल/एम भाषा ठेवून घेतली, सीपी/एम नको म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. सीपी/एममध्ये एवढं काय होतं?

त्या वेळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं होतं. एकाचा डिस्क कंट्रोलर एका पोर्टवर, दुसऱ्याचा भलत्याच. टर्मिनल वेगळं, मेमरी कुठे १६ किलोबाइट तर कुठे ६४. एका मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही, कारण प्रोग्रॅम थेट हार्डवेअरशी बोलायचा. १९७६ च्या आसपास इमसाय कंपनीला आपल्या मशीनवर सीपी/एम हवी होती. दर मशीनसाठी अख्खी सिस्टीम पुन्हा जुळवायचा गॅरीला कंटाळा आला असणार, असा माझा अंदाज. चांगले इंजिनियर अशा कंटाळ्यातूनच काहीतरी करतात. त्याने सिस्टीमचे दोन तुकडे केले. हार्डवेअरला हात लावणारं जेवढं होतं तेवढं एका छोट्या भागात कोंडलं आणि त्याला बायोस म्हटलं. हो, आपण पीसी चालू करताना जो बायोस म्हणतो तो शब्द इथला. सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत या बायोसमध्ये फक्त सतरा कामं होती: एक अक्षर वाच, एक अक्षर छाप, ट्रॅक निवड, सेक्टर वाच वगैरे. नवीन मशीन आलं की एवढंच नव्याने लिहायचं. वरचा भाग, बीडॉस, सगळीकडे तोच. फाईली, नावं, डिरेक्टरी सगळं तो सांभाळणार.

आणि बीडॉसला हाक मारायची पद्धत एकच. सी रजिस्टरमध्ये कामाचा नंबर ठेवायचा, डीई मध्ये लागणारी माहिती, आणि मग मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्याला कॉल करायचा. बस. नंबर २ म्हणजे एक अक्षर छाप. नंबर ९ म्हणजे डॉलर येईपर्यंतची ओळ छाप. १५ म्हणजे फाईल उघड, १६ म्हणजे बंद कर, २० म्हणजे पुढचा भाग वाच.

५ च का, यात खरी हुशारी आहे. सिस्टीम मेमरीच्या वरच्या टोकाला बसायची, आणि मेमरी कमीजास्त असल्यामुळे तिचा पत्ता प्रत्येक मशीनवर वेगळा. मग प्रोग्रॅमने तिला शोधायचं कसं? गॅरीने अगदी खाली, ५ या ठरलेल्या जागी, खऱ्या पत्त्यावर नेणारी एक उडी ठेवली. मोठ्या सोसायटीत आपण कुठल्या मजल्यावर कोण राहतं ते शोधत बसत नाही, खाली वॉचमनला विचारतो, तसं. शिवाय त्या उडीतच सिस्टीमचा पत्ता लिहिलेला असल्याने आपल्याला वापरायला मेमरी किती आहे तेही प्रोग्रॅमला तिथूनच कळायचं. खालचे २५६ बाइट अशा कामांसाठी राखलेले, म्हणून प्रोग्रॅम सुरू व्हायचा त्याच्या पुढच्या जागेपासून. हेक्समध्ये ती जागा म्हणजे १००. ओआरजी १००एच आलं ते इथून. आणि हे सगळं सात-आठ किलोबाइटमध्ये. आजकाल एखाद्या आयकॉनची फाईलही त्याहून मोठी असते.

गॅरी आणि त्याची बायको डोरोथी मॅकयुअन यांनी घरातूनच कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे त्यातलं इंटरगॅलॅक्टिक गेलं. व्यवहार डोरोथी बघायची, कोड गॅरी. वर्डस्टार, डीबेस टू असे प्रोग्रॅम एकदा लिहिले की शेकडो तऱ्हेच्या मशीनवर चालू लागले. दुकानातून विकत आणायचं सॉफ्टवेअर हा धंदाच त्यामुळे उभा राहिला. खुद्द मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये अ‍ॅपल टू साठी एक कार्ड काढलं ते त्यावर सीपी/एम चालावी म्हणून.

आता ते विमान. ऑगस्ट १९८० मध्ये आयबीएमची माणसं आपल्या गुप्त पीसीसाठी सिस्टीम बघायला पॅसिफिक ग्रोव्हला आली. गॅरी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे कामासाठी स्वतःच्या विमानाने गेला होता, हे खरं. पण मजा करायला नव्हे. असल्या बैठका एरवीही डोरोथीच करायची. आयबीएमने तिच्यापुढे गुप्ततेचा एकतर्फी करार ठेवला आणि तिने सही केली नाही. दुपारी परत येऊन आपण आयबीएमला भेटलो असं गॅरी सांगायचा, आयबीएमकडच्या माणसाला ते आठवत नव्हतं. पुढे एकरकमी पैसे की प्रत्येक कॉपीमागे रॉयल्टी यावरही गाडं अडलं.

माझ्या मते निर्णायक गोष्ट दुसरीच होती आणि ती कमी सांगितली जाते. ८०८६ साठीची सीपी/एम वेळेवर आली नाही. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीचं ८०८६ चं कार्ड १९७९ मध्ये तयार होतं आणि त्यावर चालवायला सिस्टीमच नव्हती. वाट बघून शेवटी त्यांच्या टिम पॅटर्सनने १९८० मध्ये स्वतःच एक लिहिली. सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज हलवता यावेत म्हणून त्याने हाका मारायची पद्धत तीच ठेवली, नंबरसुद्धा तेच. ९ म्हणजे ओळ, १५ म्हणजे फाईल उघड. आयएनटी २१एच च्या यादीत ०एफएच शोधून बघा, म्हणजे पंधराच. ५ नंबरचं दारही जुन्या प्रोग्रॅमसाठी राहू दिलं. मायक्रोसॉफ्टने ही सिस्टीम घेतली, जुलै १९८१ मध्ये पूर्ण हक्क विकत घेतले आणि १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी जाहीर झाला.

गॅरीने ते पाहिलं तेव्हा तो भडकला, आणि कोण भडकणार नाही? पण कोर्टात जाऊन मिळणार काय होतं? अमेरिकेत सॉफ्टवेअरला कॉपीराइट कायद्यात स्पष्ट जागा मिळाली तीच मुळी डिसेंबर १९८० मध्ये. शिवाय पॅटर्सनने कोड ढापला नव्हता. फाईली साठवायची फॅट ही पद्धत सीपी/एमची नव्हतीच, ती मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधून आलेली. घेतली होती ती दारं आणि दारांवरचे नंबर. आयबीएमने समजुतीखातर गॅरीची सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. किंमत २४० डॉलर. शेजारी डॉस ४० डॉलरला. कोणी काय घेतलं ते सांगायला नको.

मग दोष कोणाचा? मी हे वाचायला सुरुवात केली तेव्हा पूर्ण गॅरीच्या बाजूने होते. आता तेवढं सोपं वाटत नाही. नंबर तेच ठेवले म्हणून तर हजारो प्रोग्रॅम नव्या मशीनवर आले. आज लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाईन हेच करतं, हाका त्याच आणि आतला कोड आपला. गुगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या हाका तशाच घेतल्या तेव्हा ओरॅकलने खटला भरला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वापर योग्य ठरवला, पण अशा हाकांना कॉपीराइट असतो की नाही हा प्रश्न तेव्हाही उघडाच ठेवला. चाळीस वर्षांनी न्यायाधीशांनाही जे पूर्ण सोडवावंसं वाटलं नाही ते गॅरीने एका दुपारी सोडवायला हवं होतं, असं म्हणणं बरोबर नाही. मात्र कुठून घेतलं हे सांगायला पैसे पडत नाहीत, आणि ते सांगितलं गेलं नाही हा माझा राग अजून आहे. २००४ मध्ये हॅरल्ड इव्हान्स यांनी आपल्या पुस्तकात गॅरीची बाजू मांडली तेव्हा पॅटर्सनने बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये तो फेटाळला गेला.

गॅरी काही लगेच संपला नाही. कंपनीने १९८५ मध्ये जेम नावाची खिडक्या-चित्रांची सिस्टीम आणली, १९८८ मध्ये डीआर डॉस आणलं, म्हणजे आता यांनी त्यांच्या हाका घेतल्या! त्याने सीडीवर ज्ञानकोश आणणारी दुसरी कंपनी काढली, आणि टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स हा कार्यक्रम स्टुअर्ट शिफे यांच्यासोबत काही वर्षं केला. त्याचे जुने भाग मिळाले तर जरूर बघा. समोरच्याचं यंत्र समजून घेताना त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा आहे. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलला विकली गेली. पैसा त्याच्याकडे भरपूर होता. पण १९९२ मध्ये त्याच्याच विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली तेव्हा मुख्य भाषणाला बोलावलं बिल गेट्सना आणि हा बसला प्रेक्षकांत. ते त्याला फार लागलं. त्यानंतर त्याने आठवणी लिहून काढल्या आणि छापायला न देता घरच्यांना आणि मित्रांना वाटल्या.

शेवटची काही वर्षं दारूने खाल्ली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२.

विंडोजमध्ये आज आपण व्हीबी किंवा सी शार्पमधून कर्नल३२ चं फंक्शन जाहीर करून फाईल उघडतो तेव्हा नंबर आपल्याला दिसत नाही. आपण नावाने हाक मारतो. आत मात्र एनटीडीएलएल एका रजिस्टरमध्ये कामाचा नंबर ठेवते आणि एका ठरलेल्या दारातून कर्नलमध्ये शिरते. आता आयएनटी २१एच ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाही, म्हणून तर लॅबमध्ये आपल्याला डॉसबॉक्स लागतो. त्या हाकांशिवायही बरंच उरलं आहे. ड्राइव्हची ए, बी, सी ही अक्षरं आपल्याकडे सीपी/एममधून आली. आणि सीओएन नावाचा फोल्डर बनवून दाखवा, खुद्द बिल गेट्सनाही याचं कारण माहीत नाही, अशी जी ईमेल एके काळी सगळीकडे फिरायची, त्यातलं ते सीओएन म्हणजे सीपी/एममधलं कन्सोलचं नाव!

एप्रिल २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला लाइटहाऊस अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या जुन्या घरासमोर आयईईई ने एक पाटी बसवली. त्याच वर्षी सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने खुला केला, आणि २०१६ मध्ये त्याच्या आठवणींचा पहिला भागही. दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. कोड फारसा मोठा नाही, एका रविवारी वाचून होईल.