ज्या डोंगरावर चालायला गेलेली पोरं जेलात गेली, तिथूनच या पत्रकाराने ४३१ किलोमीटरची वाट काढली

२४ एप्रिल १९३२. रविवार होता. इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि आसपासच्या भागातली साधारण ४०० माणसं किंडर स्काऊट नावाच्या डोंगरावर निघाली. त्यात बहुतेक कामगारांची तरुण पोरं. जमीन बळकवायची नव्हती की काही तोडायचं नव्हतं, फक्त चालायचं होतं. वाटेत जमीनदाराच्या राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडलं आणि पाच जणांना जेल झाली.

नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवणं हा तिथे फौजदारी गुन्हा नव्हताच, म्हणून कलमं दंगल आणि मारहाणीची लावली.

आज त्याच किंडरवरून पेनाइन वे जातो. पेनाइन वे म्हणजे ब्रिटनमधला सगळ्यात गाजलेला लांब पल्ल्याचा ट्रेक. तो उभा करणारा माणूस म्हणजे टॉम स्टीफन्सन. गंमत म्हणजे १९३२ च्या त्या आंदोलनात ते नव्हते, आणि त्यांना ते फारसं पटलेलंही नव्हतं.

आधी भानगड काय होती ते बघू.

उत्तर इंग्लंडच्या मधोमध पेनाइन डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर मैलोनमैल उघडी माळरानं पसरलेली आहेत. त्यांना मूर म्हणतात. झाडं जवळपास नाहीत, नुसतं गवत आणि हेदरची झुडपं. खाली हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेला काळा, पाण्याने फुगलेला थर, म्हणजे पीट. पूर्वी यातल्या बऱ्याच जमिनी गावाच्या सामाईक वापराच्या होत्या. पुढे कायदे करून त्या खाजगी झाल्या आणि ड्यूक, गिरणीमालक यांनी तिथे ग्राऊज नावाचा पक्षी शिकारीसाठी राखला. वर्षातले मोजके दिवस शिकार चालायची, बाकी वर्षभर माळ रिकामा. तरी कुणी पाऊल टाकलं की काठीवाला राखणदार हजर.

पायथ्याशी मात्र गिरण्यांचा धूर आणि आठवड्याला एकच सुट्टी.

टॉमचा जन्म १८९३ चा, लँकेशायरमधल्या चॉर्लीचा. नऊ भावंडांत थोरला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि कॅलिको छापण्याच्या कारखान्यात कामाला लागला. (कॅलिको हे कापडाचं नावच आपल्या कालिकतवरून पडलंय.) कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो एकटा पेंडल हिलवर चढला. वर गेल्यावर उत्तरेला यॉर्कशायरचे डोंगर दिसले आणि पोरगं कायमचं बिघडलं.

दिवसा कारखाना, रात्री वर्ग असं करत त्याने लंडनला भूगर्भशास्त्र शिकण्याची शिष्यवृत्ती मिळवली. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. टॉमने लढायला नकार दिला. माणसं मारणं पटत नाही म्हणून सैन्यात न जाणाऱ्या अनेकांना तेव्हा जेलात टाकायचे. टॉमही गेला. शिष्यवृत्ती हातची गेली.

पुढे मजूर पक्षाचं काम करत करत ते डेली हेरल्ड या पेपरात पत्रकार झाले. एक दिवस दोन अमेरिकन मुलींचं पत्र आलं. आमच्याकडे अपलाचियन ट्रेल आहे, तसं तुमच्याकडे चालायला काय आहे, असा साधा प्रश्न होता. उत्तर होतं, काहीच नाही. २२ जून १९३५ ला स्टीफन्सननी लेख लिहिला आणि शीर्षकातच एक लांबलचक हिरवी पायवाट पाहिजे म्हणून जणू जाहिरात दिली.

खरा डाव इथे होता. सगळी माळरानं मोकळी करा म्हटलं असतं तर जमीनदार अंगावर आले असते. पण एक पायवाट द्या, ही मागणी किती निरागस वाटते! ती रेघ मात्र नेमकी बंदी असलेल्या माळांवरून जात होती. १९३८ मध्ये पेनाइन वे असोसिएशन स्थापन झाली. कुठे जायचा हक्क आहे आणि कुठे नाही, याची मोजणी झाली. सुमारे ७० मैलांवर पाय ठेवायचा हक्कच नव्हता. मग भांडण तेवढ्या ७० मैलांचं उरलं.

पाणीपुरवठावाल्यांचाही विरोध होता. लोक चालले तर मँचेस्टरच्या धरणांचं पाणी घाण होईल म्हणे.

स्टीफन्सन तोपर्यंत लॉबिंगमध्ये पक्के मुरले होते. १९४८ मध्ये त्यांनी ह्यू डाल्टन, बार्बरा कॅसल अशा मजूर पक्षाच्या खासदारांना तीन दिवस पेनाइनवरून चालवलं. खासदार चिखलात चालताहेत म्हटल्यावर पेपरांत फोटो येणारच. १९४९ ला नॅशनल पार्क आणि खुल्या प्रदेशाचा कायदा झाला, १९५१ ला मार्ग मंजूर झाला. तरी एकेका तुकड्यासाठी वाटाघाटी चालूच. उद्घाटन झालं १९६५ मध्ये, मॅलम मूरवर. तारीख होती २४ एप्रिल. तेव्हा स्टीफन्सन ७२ वर्षांचे होते.

आता पहिल्या दिवसाची चाल कशी असते? इडेल गावातून निघायचं, जेकब्ज लॅडरची चढण चढायची आणि किंडरच्या पश्चिम कड्याने चालत राहायचं. वाटेत किंडर डाऊनफॉल हा साधारण ३० मीटरचा धबधबा लागतो. वारा जोरात असला की पाणी उलटं वर उडतं. आपल्या नाणेघाटात पावसाळ्यात दिसतं तसंच. पुढे स्नेक पासचा रस्ता ओलांडून ब्लीकलो. हा ६३३ मीटरचा डोंगर दिसायला सपाट, पण धुक्यात भलेभले इथे भरकटतात. पीटमध्ये पाण्याने कापलेल्या घळी सगळ्या सारख्याच दिसतात. शेवटी धरणांच्या खोऱ्यात उतरून क्राउडन. एकूण १६ मैल, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास.

ट्रेक इतका गाजला की बुटांनी पीटची पार वाट लागली. लोक चिखल चुकवायला कडेने जायचे आणि वाट अजूनच रुंद व्हायची. मग हेलिकॉप्टरने दगडी फरश्या आणून टाकल्या. त्यातल्या कितीतरी फरश्या लँकेशायर-यॉर्कशायरच्या पाडलेल्या कापड गिरण्यांमधल्या आहेत. ज्या फरशीवर उभं राहून कामगार राबले, त्यावरून आता लोक सुट्टी घालवायला चालतात.

स्टीफन्सन १९४८ ते १९६९ रॅम्बलर्स असोसिएशनचे सचिव होते. १९८७ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. निषिद्ध भूमी अशा अर्थाचं नाव असलेलं त्यांचं पुस्तक दोन वर्षांनी आलं. त्यात त्यांनी किंडरच्या आंदोलनाला फारसं श्रेय दिलेलं नाही. त्यांच्या मते हक्क मिळाले ते वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांमधून. जेलात गेलेल्यांना मानणाऱ्यांना हे पटत नाही, आणि दोन्ही बाजू अजून भांडतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या मोकळ्या माळरानांवर कुठेही चालायचा हक्क देणारा कायदा आला २००० मध्ये, स्टीफन्सन जाऊन १३ वर्षं झाल्यावर.