पदवी नसलेला अध्यक्ष : आर्थर मॉर्गन

धरणे बांधणाऱ्या माणसाला महाविद्यालय चालवता येईल काय? आणि ज्याने स्वतः पदवी घेतली नाही, त्याच्या हातून इतरांनी पदव्या घ्याव्यात, हे कसे? अमेरिकन इंजिनीयर आर्थर अर्नेस्ट मॉर्गन यांच्या जीवनाचा विचार करताना हे दोन प्रश्न माझ्यासमोर सारखे उभे राहिले.

मॉर्गन यांचा जन्म १८७८ साली ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराजवळ झाला. बालपण मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड या गावी गेले. वडील जमिनीच्या मोजणीचे काम करीत. प्रकृती नाजूक, पैसा बेताचा. शाळा संपल्यावर हा मुलगा घर सोडून कोलोरॅडोकडे गेला आणि तेथे त्याने पडेल ते काम केले. विद्यापीठात नाव घातले, पण काही आठवड्यांतच शिक्षण सुटले. पुढे तो घरी परतला आणि वडिलांच्या हाताखाली मोजणी शिकला. दलदलीतले पाणी काढून जमीन लागवडीखाली आणणे, हे त्याचे खास क्षेत्र झाले. पुस्तके तो रात्री वाचायचा, धडे दिवसा चिखलात गिरवायचा.

मार्च १९१३ मध्ये ओहायोतील मायामी नदीला महापूर आला. डेटन शहर बुडाले, खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून नागरिकांनी वीस लाख डॉलरची वर्गणी जमवली आणि काम मॉर्गन यांच्यावर सोपवले. त्यांनी पाच मातीची धरणे बांधली. या धरणांत पाणी साठवले जात नाही. भिंतीच्या तळाशी ठरावीक मापाच्या मोऱ्या असतात आणि त्यांना दारे नसतात. एरवी नदी त्यांतून सुखाने वाहते. पूर आला की मोरीत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले मागच्या शेतांवर थांबते आणि पूर ओसरताच निघून जाते. दार उघडायला विसरेल असा माणूसच तेथे लागत नाही! काम १९२२ साली पूर्ण झाले. मजुरांसाठी नीटनेटक्या वसाहती आणि मुलांसाठी शाळाही मॉर्गन यांनी उभारल्या होत्या.

डेटनजवळच यलो स्प्रिंग्ज गावी अँटिऑक कॉलेज होते. १८५३ साली सुरू झालेले हे कॉलेज पहिल्या महायुद्धानंतर मरणपंथाला लागले होते. १९२० साली मॉर्गन त्याचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे प्राचार्य जे काम करतात, तेच तिकडे अध्यक्ष करतो. त्यांनी नियम केला, की विद्यार्थ्याने काही आठवडे वर्गात शिकावे आणि काही आठवडे कारखान्यात, कचेरीत, दुकानात किंवा शाळेत पगारी नोकरी करावी. इंजिनीयरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी सिनसिनाटीत ही पद्धत १९०६ पासून होती. मॉर्गन यांनी ती साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्यांनाही लागू केली. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम हेच.

कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आपल्याला जवळची आहे. तिने गरिबाच्या मुलाला शिक्षण परवडू लागले. मॉर्गन यांच्याकडे सधन घरच्या मुलालाही काम चुकत नसे, कारण कामाविना शिक्षण अपुरे, असे ते मानीत. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकत्या मुलीने आता खुरपे धरू नये, असे आईला वाटते. त्यामागची तिची माया मला कळते. पण शिकणे म्हणजे हातातले काम सुटणे, ही समजूत आपल्यात किती खोल रुजली आहे, हे मॉर्गन यांच्यामुळे माझ्या ध्यानात आले.

१९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना टेनेसी खोरे प्राधिकरणाचे प्रमुख केले. नॉरिस धरण उभे राहिले, पण त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. सहकाऱ्यांशी मॉर्गन यांचे पटले नाही. त्यांनी जाहीर आरोप केले, मात्र अध्यक्षांनी पुरावा मागितला तेव्हा तो देण्याचे नाकारले. १९३८ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. स्वतःच्या सचोटीची खात्री असलेला माणूस इतरांवर किती सहज अविश्वास दाखवतो, हेही या चरित्रातून शिकावे.

त्यांचा आपल्याशी थेट संबंध आला तो १९४८ साली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. खेड्यांसाठी ग्रामीण विद्यापीठे असावीत आणि तेथे अभ्यास व प्रत्यक्ष काम यांची सांगड असावी, या शिफारशीवर त्यांच्या विचारांची छाप स्पष्ट दिसते. त्याच वाटेने १९५६ साली देशात ग्रामीण शिक्षणसंस्था निघाल्या, त्यांत आपल्या गारगोटीचीही एक होती. पण ग्रामीण विद्यापीठांचे ते स्वप्न देशात फारसे रुजले नाही.

वयाच्या ऐंशीच्या घरात मॉर्गन पुन्हा एका धरणासाठी झगडले, या वेळी विरोधात. पेनसिल्व्हानियातील किन्झुआ धरणाने सेनेका आदिवासींची जमीन बुडणार होती. १७९४ च्या कराराने ती त्यांना कायमची दिलेली होती. मॉर्गन यांनी दुसरी योजना आखून दाखवली, पण सरकारने ती मानली नाही. धरण १९६५ साली पुरे झाले. १९७५ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, मॉर्गन निवर्तले.

अँटिऑक कॉलेज २००८ साली बंद पडले. माजी विद्यार्थ्यांनी ते सोडले नाही, आणि २०११ साली त्याचे वर्ग पुन्हा भरले. सुरुवातीच्या दोन प्रश्नांचे उत्तर मला येथे मिळते. मॉर्गन यांच्याजवळ पदवी नव्हती, पण शिकण्याची सवय होती, आणि ती त्यांनी कामातून लावून घेतली होती. दोन वर्षांनी आपल्या हाती पदवी येईल. ही सवय आली की नाही, हे मात्र आपले आपणच तपासायचे आहे.