स्वप्नात सुचलेला प्रयोग

ऑटो लोवी मूळचे फ्रँकफर्टचे, प्राध्यापक ऑस्ट्रियातल्या ग्राझचे. १९२१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग त्यांना म्हणे स्वप्नात सुचला! रात्री खरडलेलं टिपण सकाळी त्यांचं त्यांनाच लागेना. दुसऱ्या रात्री ते पुन्हा सुचलं, तेव्हा हे गृहस्थ उठून थेट प्रयोगशाळेतच गेले. मज्जातंतू चेतवून एका बेडकाचं हृदय मंद केलं, त्यातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. मज्जातंतू रसायनांतून बोलतात, हे कळलं.

हृदयाला मंदावणारं हेच ॲसिटिलकोलीन मूत्राशयाचा स्नायू मात्र आवळतं. रसायन एकच, फरक स्नायूवरच्या रिसेप्टरांचा, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या कुलपांचा. नॉरॲड्रेनलीन निराळ्या कुलपांना लागतं आणि स्नायू सैल ठेवतं, म्हणून लघवी साठते. रात्री वारंवार उठणाऱ्या आजोबांच्या काही गोळ्या याच कुलपांवर चालतात.

१९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह लोवींना नोबेल मिळालं. १९३८ मध्ये नाझींनी या ज्यू प्राध्यापकाला तुरुंगात टाकलं. देश सोडू देण्याआधी स्टॉकहोमच्या बँकेतली पारितोषिकाची रक्कम आपल्या ताब्यातल्या बँकेत वळती करायला लावली. बँकेत हयात घालवलेल्या मला तो व्यवहार वाचवत नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, पुन्हा शिकवू लागले. १९६१ मध्ये तिथेच वारले.