तीन तासांची कसोटी : होबार्ट एम्स आणि अमेरिकेचा राष्ट्रीय श्वान किताब

अमेरिकेत पक्षी हुडकून देणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धांमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा किताब सर्वांत मानाचा समजला जातो. टेनेसी राज्यातील ग्रँड जंक्शन या लहानशा गावाजवळ दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात ही स्पर्धा सुरू होते. विजेता कुत्रा कसा असावा, याचे तेथील पंचांना आजही मार्गदर्शक ठरणारे निकष होबार्ट एम्स या उद्योगपतींनी घालून दिलेले आहेत. एम्स यांचे 1945 मध्ये निधन झाले.

होबार्ट एम्स यांचा जन्म 1865 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ईस्टन येथे झाला. त्यांचे घराणे फावडी बनवणारे म्हणून प्रसिद्ध होते. अमेरिकेचे दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग 1869 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या उभारणीत होबार्ट यांचे आजोबा ओक्स एम्स यांचा पुढाकार होता. त्याच व्यवहारातील गैरप्रकारांवरून 1873 मध्ये प्रतिनिधिगृहाने ओक्स यांच्या निषेधाचा ठराव संमत केला आणि काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. नातवाने घराण्याचा व्यवसाय पुढे सांभाळला; मात्र त्याचे नाव राहिले ते कुत्र्यांमुळे.

या स्पर्धांचा उगम इंग्लंडमधला. तेथील पहिली चाचणी 1865 मध्ये बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे झाली. अमेरिकेतील पहिली चाचणी 1874 मध्ये मेम्फिस शहराजवळ पार पडली. पॉइंटर आणि सेटर या दोन जातींचे कुत्रे त्यांत प्रामुख्याने उतरतात. हे कुत्रे पक्ष्यावर झडप घालत नाहीत. वाऱ्यावरून पक्ष्याचा गंध मिळताच ते जागच्या जागी थिजल्यासारखे उभे राहतात आणि नाकाच्या रोखाने पक्षी कोठे दडला आहे ते दाखवतात. प्रशिक्षक पुढे जाऊन पक्षी उठवतो, हवेत केवळ आवाजाचा बार काढतो आणि तरीही कुत्रा हलला नाही, तर ते काम निर्दोष ठरते. पक्षी मारला जात नाही. शिकारीतून जन्मलेल्या या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत शिकारच होत नाही, ही गोष्ट अनेकांना नवी वाटेल.

राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा 1896 मध्ये मिसिसिपी राज्यातील वेस्ट पॉइंट येथे सुरू झाली आणि काउंट ग्लॅडस्टोन चौथा हा सेटर पहिला विजेता ठरला. अन्य चाचण्यांत यश मिळवलेल्या कुत्र्यांनाच येथे प्रवेश मिळतो. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात आणि प्रत्येक जोडी सलग तीन तास मोकळ्या रानात धावते. प्रशिक्षक, पंच आणि प्रेक्षकही घोड्यांवरून मागे असतात. सामान्य चाचणीत अर्ध्या-पाऊण तासात चमकणारे कुत्रे पुष्कळ असतात. तिसऱ्या तासाच्या अखेरीस, काट्याकुट्यांतून कित्येक मैल धावून झाल्यावरही त्याच उमेदीने रान शोधणारे मोजकेच निघतात.

एम्स यांनी 1901 मध्ये ग्रँड जंक्शनजवळ एक जुनी मालमत्ता विकत घेतली. तेथील वाडा 1847 च्या सुमारास कापसाच्या एका बड्या मळेवाल्याने बांधलेला होता आणि ती सारी समृद्धी गुलामांच्या श्रमांवर उभी होती. एम्स यांच्या काळात गुलामगिरी संपलेली होती. तरी जमीन कसणारे बहुतांश वाटेकरी कुळेच होती आणि त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांची संख्या मोठी होती. कापसाचे आणि मक्याचे लहान लहान तुकडे, मधले पडीक गवत आणि बांधावरची झुडपे यांमुळे बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांना अन्न व आसरा मिळे. स्पर्धेसाठी हवे असलेले पक्षी या गरीब शेतीच्या आश्रयाने वाढले, हे एम्स यांच्या चरित्रात सहसा ठळकपणे सांगितले जात नाही.

एम्स हिवाळ्यात पत्नी ज्युलिया यांच्यासह येथे मुक्काम करीत. त्यांनी जमीन वाढवत नेली, अँगस जातीची गुरे पाळली आणि कुत्र्यांसाठी रान राखले. स्पर्धा 1915 पासून याच मळ्यावर भरू लागली. स्पर्धा घेणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षपदाची धुराही त्यांनी चार दशके वाहिली. अध्यक्ष तेच, यजमान तेच आणि अनेकदा घोड्यावर बसलेले पंचही तेच, अशी ही व्यवस्था होती. आजच्या कोणत्याही क्रीडा संघटनेत ती क्षणभरही मान्य झाली नसती. ती त्या काळी टिकली, याचे श्रेय त्यांच्या निकषांना द्यावे लागेल.

एम्स यांनी पक्ष्यांची केवळ संख्या मोजणे नाकारले. कुत्र्याने बुद्धी, डोळे आणि नाक यांचा पुरेपूर वापर करून पक्षी असण्याजोग्या जागा स्वतः शोधाव्यात; प्रशिक्षकाला कुत्रा शोधत फिरण्याची वेळ येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. पक्षी चालून गेलेल्या मागाचा वास आणि प्रत्यक्ष पक्ष्याचा वास यांतील फरक कुत्र्याला चटकन कळला पाहिजे. पायवाट धरून नुसता धावणारा कुत्रा बाद. वेग थोडा कमी असला, तरी एखाद्या असामान्य कामगिरीने ती उणीव भरून निघू शकते, अशी सूटही त्यांनी ठेवली. शिस्तीबाबत मात्र कोणतीही सवलत नव्हती. त्या दर्जाचा कुत्रा न आढळल्यास किताब रोखून धरण्याची मुभा पंचांना आहे.

एम्स यांच्या डोळ्यांदेखत खेळाचे चित्र पालटले. पहिली बारा-तेरा वर्षे सेटर जातीचेच वर्चस्व होते. मॅनिटोबा रॅप हा 1909 मध्ये जिंकणारा पहिला पॉइंटर. त्यानंतर मेरी माँट्रोज या पॉइंटर मादीने 1917, 1919 आणि 1920 असा तीन वेळा किताब पटकावला. बेकी ब्रूम हिल या दुसऱ्या मादीने 1922, 1923 आणि 1925 मध्ये तिची बरोबरी केली. हळूहळू सेटर मागे पडले.

एम्स यांच्या पश्चात ज्युलिया यांचेही 1950 मध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मालमत्ता विश्वस्त निधीकडे गेली आणि तिचा लाभ टेनेसी विद्यापीठाला मिळावा, अशी तरतूद झाली. सुमारे 18,600 एकरांचा हा मळा त्यामुळे अखंड राहिला. लाव्यांचे तसे झाले नाही. यांत्रिक शेतीने लहान तुकडे आणि बांध पुसले गेले आणि 1960 च्या दशकापासून अमेरिकेत बॉबव्हाइटची संख्या मोठ्या प्रमाणावर घटत गेली. पूर्वी कुळांच्या शेतीतून आपोआप मिळणारा पक्ष्यांचा आसरा आता ठरवून गवत जाळून आणि झुडपे राखून निर्माण करावा लागतो.

सेटर जातीने मात्र एकदा डोके वर काढले. जॉनी क्रॉकेट या सेटरने 1970 मध्ये किताब जिंकल्यावर चार दशकांहून अधिक काळ सर्व विजेते पॉइंटरच होते. शॅडो ओक बो या सेटरने 2013 मध्ये ही मालिका खंडित केली आणि 2014 मध्ये पुन्हा तोच किताब मिळवला.