जॉर्ज मार्शल : देण्याची रीत

युद्धे जिंकून देणारे सेनानी इतिहासात पुष्कळ झाले; जेते आणि पराभूत या दोघांचीही घरे पुन्हा उभी राहावीत म्हणून झटलेले मात्र थोडे. जॉर्ज कॅटलेट मार्शल हे त्या थोड्यांपैकी एक होत.

पेन्सिल्व्हेनियातील युनियनटाऊन येथे ३१ डिसेंबर १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या त्याच दिवशी, त्यांनी अमेरिकेच्या लष्करप्रमुखपदाची सूत्रे हाती घेतली. दोन लाखांहूनही लहान असलेले सैन्य त्यांनी ऐंशी लाखांवर नेले. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेचे सेनापतिपद त्यांना हवे होते. परंतु स्वतःसाठी त्यांनी शब्द टाकला नाही. ते पद आणि त्याबरोबरची कीर्ती आयसेनहॉवर यांच्या वाट्याला गेली.

पुढे चीनमधील राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात समेट घडविण्याची कामगिरी ट्रूमन यांनी त्यांच्यावर सोपविली. वर्षभर खटपट करूनही ती फसली. घेणाऱ्यांचेच आपसांत जुळत नसेल तर देणाऱ्याची थैली निरुपयोगी ठरते, हा धडा त्या अपयशात होता.

जानेवारी १९४७ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. त्या हिवाळ्यात युरोपात कोळशाची आणि धान्याची टंचाई होती, आणि ते अमेरिकेतून आणावयास पुरेसे डॉलर नव्हते. ५ जून रोजी हार्वर्ड विद्यापीठात मार्शल यांनी छोटेसे भाषण केले. त्यात रकमेचा उल्लेख नव्हता. अपेक्षा होती ती एवढीच की, योजना युरोपीय राष्ट्रांनी स्वतः आणि एकत्र बसून आखावी. सोळा राष्ट्रे पॅरिसला जमली. सोव्हिएत संघाने अंग काढून घेतले, आणि चेकोस्लोव्हाकियाने दिलेला होकार मॉस्कोच्या दडपणाखाली मागे घेतला.

३ एप्रिल १९४८ रोजी कायदा झाला. चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर खर्ची पडले, तेही बहुतांशी अनुदान म्हणून. आलेल्या मालाची किंमत तेथील ग्राहक आपल्याच चलनात भरीत. तो पैसा सरकारी निधीत जमा होई आणि अमेरिकेच्या संमतीने त्याचा मोठा भाग त्याच देशाच्या उभारणीस लागे.

हा निव्वळ परोपकार नव्हता. कम्युनिझमला पायबंद घालणे आणि अमेरिकी मालाची बाजारपेठ टिकविणे, हे हेतू त्यामागे होतेच. शिवाय युरोप केवळ या पैशाने सावरला असेही नाही. तेथे कुशल कामगार होते, कारखाने चालविण्याचा अनुभव होता. हीच योजना अन्यत्र जशीच्या तशी रुजेल, असे मानणाऱ्यांना या गोष्टीचा विसर पडतो.

१९५१ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी याच मार्शल यांच्या देशनिष्ठेवर शिंतोडे उडविले. मार्शल त्या वादात उतरले नाहीत. १९५३ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १६ ऑक्टोबर १९५९ रोजी ते निवर्तले.

देणाऱ्याचा स्वार्थ कोणत्याही मदतीत असतोच. प्रश्न एवढाच, की घेणाऱ्याला आपली योजना आपण आखण्याचा अधिकार उरतो की नाही. मार्शल यांनी तो बऱ्याच अंशी उरू दिला, यातच त्यांचे मोठेपण आहे.